गल्लीची चटणी सपक झाली ते वर्ष

त्या वर्षी आमच्या गल्लीतली चटणी सपक झाली. एखाद्या घरातली नव्हे, झाडून सगळ्या घरांतली. कोल्हापुरात अशी गोष्ट लपत नाही. पुरुषमंडळी आधी मनातल्या मनात कुरकुरली, मग ताटावर बसून बोलायला लागली. एका घरी पुण्याचा जावई आला होता. त्यानं तांबडा रस्सा दोनदा मागून घेतला आणि ‘मस्त झालाय, अजिबात त्रास झाला नाही’ असं म्हणाला. सासूबाईंचा चेहरा पडला. पुण्याच्या माणसाला आपला रस्सा सोसला म्हणजे आता राहिलं काय, असं त्या मला दुसऱ्या दिवशी सांगायला आल्या. सांगायला म्हणजे भांडायला.

माझ्याशी भांडायचं कारण असं, की कसबा बावड्यात चटणी कांडायचं यंत्र माझं आहे. घराला लागून पत्र्याची शेड आहे, तिच्यात दोन कांडप यंत्रं. नवरा साखर कारखान्यात, त्याच्या पाळ्या सांभाळून मी हे उभं केलं. चटणी म्हणजे आमच्याकडे वर्षभराचा कांदा-लसूण मसाला. होळीपासून वळवाच्या पावसापर्यंत बायका वाळवलेल्या मिरच्या, भाजलेलं खोबरं, तीळ, धणे घेऊन येतात, नाकाला पदर बांधून नंबराला बसतात आणि डबे भरून घेऊन जातात. मिरचीच्या खाटीनं शिंकत शिंकत गल्लीभरच्या बातम्या तिथंच कांडल्या जातात.

तर सगळ्यांचं म्हणणं पडलं, की माझ्या यंत्रात काहीतरी बिघडलं. यंत्राला तिखट कमी-जास्त करायचं बटण नसतं, हे मी जीव तोडून सांगितलं. मग दोष कोपऱ्यावरच्या भाभीवर गेला. भाभीचं मिरच्या आणि खड्या मसाल्याचं दुकान. तिच्या आजेसासऱ्यापासूनचा धंदा. तिनं यंदा रंगवलेल्या मिरच्या विकल्या, अशी आवई उठली. भाभी दुकानाच्या पायरीवर उभी राहून म्हणाली, “रंगवून विकायचंच असतं तर मी केसाला मेंदी विकली असती.” पण तिचं गिऱ्हाईक तुटायला लागलं होतं, आणि ते तिला लागलं होतं.

खरं कारण आमच्या घरातच बसलं होतं, हे तेव्हा कुणालाच कळलं नव्हतं.

माझ्या थोरल्या जाऊबाई. त्यांना सगळी गल्ली अक्का म्हणते. आमचं अंगण एक, चुली वेगळ्या. अक्का साठीच्या, उंच, हाडापेरानं मजबूत, आणि चटणीच्या बाबतीत बावड्यात त्यांच्या शब्दाच्या पुढं कुणी जात नाही. ब्याडगी किती, रंगाला. संकेश्वरी किती, चवीला. लवंगी किती, जाळाला. हे माप अक्का ठरवतात, तेही हाताच्या ओंजळीनं. यंत्रातून पहिला घाणा निघाला की बाई चिमूटभर चटणी तळहातावर घेऊन त्यांच्यापुढं उभी राहते. अक्का ती जिभेवर ठेवतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात. ‘झाली’ किंवा ‘अजून मूठभर लवंगी टाक.’ इतक्या वर्षांत कमी करायला त्यांनी कधी कुणाला सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं.

त्या वर्षी मात्र होळी झाल्यापासून त्यांचं एकच चाललं होतं. चिमूट जिभेवर ठेवायची, दचकायचं, नाक ओढायचं आणि म्हणायचं, “जाळ हाय नुस्ता. ब्याडगी वाढव. पोराबाळांची तोंडं भाजतील.” अक्का म्हणाल्या म्हणजे झालं. बायका गुमान जाऊन ब्याडगी आणायच्या, त्यात ओतायच्या. एकीच्या मागून दुसरी, अशी सगळी गल्ली. चटणी दिसायला लालभडक आणि चवीला कुंकू.

मलाही तेव्हा वाटलं, मिरच्याच यंदा तिखट आल्या असतील. ऊन जास्त होतं.

याच सुमाराला आमच्या भागाच्या आशाताई माझ्याकडे आल्या. घरोघरी फिरून गोळ्या देणं, बाळंतिणी बघणं, असं त्यांचं काम. त्या दिवशी त्या रडकुंडीला आल्या होत्या. झालं होतं असं, की मंडळाच्या हॉलमध्ये तोंडाच्या कॅन्सरच्या तपासणीचं शिबिर भरलं होतं. चौकात मोठा फ्लेक्स लागला. वर एक आ वासलेलं सडकं तोंड आणि खाली मंडळाच्या कार्यकर्त्यांचे हसरे फोटो. लांबून बघणाऱ्याला कुणाचा रोग कुणाला झालाय ते कळेना. रिक्षावर भोंगा लावून दिवसभर पुकारा केला. सकाळी नाष्ट्याला पोहे ठेवले. पोह्यांपुरती सगळ्यांनी तोंडं उघडली, डॉक्टरच्या बॅटरीपुढं कुणीच नाही. बायका तर फिरकल्याच नाहीत. हॉल ऐन चौकात, आत कोण गेलं ते पानपट्टीवरून दिसतं. आत गेली म्हणजे हिला काहीतरी झालंय, हे संध्याकाळपर्यंत माहेरी पोचतं. शेवटी कार्यकर्त्यांनीच डॉक्टरच्या शेजारी उभं राहून फोटो काढून घेतले. फोटोत सगळ्यांची तोंडं मिटलेली.

“मी घरोघर गेलो, काकी,” आशाताई सांगत होत्या. “एक म्हणती दुखत न्हाय, खुपत न्हाय, कशाला दाखवू. एक म्हणती डॉक्टरनं बघितलं की काहीतरी निघतंच. आणि एक म्हणती, माझ्या तोंडात काय हाय ते माझ्या सासूला विचारा, ती रोज सांगती.”

“आणि सगळ्या मिश्री लावत्यात.”

“सगळ्या. तुमी न्हाय लावत?”

मी सोडली होती. नाकात मिरची आणि तोंडात तंबाखू, दोन्ही एकदम झेपत नव्हतं म्हणून, काही मोठं शहाणपण म्हणून नव्हे. मिश्री म्हणजे तव्यावर काळी करून कुटलेली तंबाखू. दात घासायला म्हणून सकाळी घेतात, मग ती गालात तशीच राहते, मग दुपारी पुन्हा, मग चहानंतर. ज्या बाईला कुणी तंबाखू खाते म्हटलं तर ती अंगावर येईल, तिच्याही कमरेला मिश्रीची डबी असते.

आशाताई म्हणाल्या, “बायका तुमच्याकडं येत्यात, माझ्याकडं येत न्हाईत. तुमच्या शेडमधे खुर्ची टाकू?”

मी विचार केला. सीझनमध्ये बायका माझ्याकडे तासन्‌तास बसून असतात. हात रिकामे, तोंड चालू. शेड आणि घर यांच्यामधल्या बोळात मिरचीची खाट येत नाही, उजेडही चांगला. खुर्ची टाकायला माझं काय जात होतं? पण नुसती खुर्ची टाकून कुणी बसणार नाही, हेही मला कळत होतं. म्हणून मी माझ्यातर्फे एक नियम घातला.

मंगळवारी दातांच्या डॉक्टर आल्या. तरुण होत्या, बारीक आवाजाच्या, हातात रबरी मोजे. बोळात त्यांची खुर्ची, शेजारी आशाताई. शेडमध्ये ही गर्दी. मी यंत्र बंद केलं आणि जाहीर केलं, “आजपासनं जी तोंड दाखवून येईल तिचा घाणा आधी.”

क्षणभर नुसत्या शिंका ऐकू आल्या. मग कुणीतरी म्हणालं, “हे काय नवीन? रेशनला अंगठा आणि चटणीला तोंड?”

“माझं यंत्र, माझा नियम.”

“मी पहाटेपासनं बसलोय, माझा नंबर पयला हाय.”

“मग पयल्यांदा जा की. तोंड काय घरी ठेवून आलीयास?”

भाभी दुकान सोडून गंमत बघायला आली होती. तिला कांडायचं काहीच नव्हतं. ती सरळ बोळात गेली, खुर्चीत बसली आणि बांगड्या मागं सारून एवढा मोठा आ केला, की डॉक्टर दचकल्या. बाहेर येऊन म्हणाली, “काय सुया-बिया न्हाईत. बॅटरी लावत्यात आणि गालात बोट फिरवत्यात. माझ्या नवऱ्यानं इतक्या वर्षात एवढं लक्ष देऊन बघितलं न्हवतं.”

तिच्या मागोमाग मागच्या नंबरची एक बाई गुपचूप जाऊन आली आणि मी तिचा डबा उचलून सगळ्यांच्या आधी यंत्रात ओतला. मग जे व्हायचं तेच झालं. कॅन्सरच्या भीतीनं जी गोष्ट झाली नव्हती, ती शेजारणीचा घाणा आपल्या आधी पडतोय या भीतीनं झाली. बोळात रांग लागली. रांगेत ढकलाढकली झाली. एकीनं तर सासूला नेऊन बसवलं आणि ‘घरटी एक तोंड चालतंय का’ म्हणून मला विचारायला आली.

ती सगळी रांग लावत होत्या अक्का. त्यांना असल्या कामात भारी उत्साह. “पदर काढ नाकाचा. चूळ भर आधी. डॉक्टरास्नी तुझी मिश्री बघायची न्हाय, तोंड बघायचंय.” त्यांच्या धाकानं बायका पटापट आ करत होत्या.

डॉक्टर प्रत्येकीला तेच चार प्रश्न विचारत. मिश्री कुठल्या गालात धरता, तोंडात पांढरा किंवा लाल डाग दिसतो का, तोंड पूर्ण उघडतं का, आणि तिखट झोंबतं का. शेवटच्या प्रश्नाला सगळ्या हसायच्या. एक जण म्हणाली, “ओ डॉक्टर, हे कोल्हापुरात विचारताय व्हय?”

डॉक्टर हसल्या नाहीत. म्हणाल्या, “म्हणूनच विचारते. जिला आजवर झोंबत नव्हतं आणि आता झोंबायला लागलं, ती बाई मला हवी आहे.”

मी दुसरा घाणा काढत होते. हात थांबला. समोर अक्का एका म्हातारीला दंडाला धरून खुर्चीकडे नेत होत्या. मला एकामागून एक गोष्टी दिसायला लागल्या. दिवाळीपासून अक्का दूध-भाकरी खात होत्या, पित्त झालंय म्हणून. रविवारच्या मटणाला नुसता पांढरा रस्सा घेत होत्या, तोही गार करून. ठेच्याची वाटी त्यांच्या ताटाजवळून कधी उठली ते कुणी पाहिलंच नव्हतं. आणि होळीपासून ज्या बाईची चटणी चाखली ती जाळ. मिरच्या भाभीच्या होत्या, यंत्र माझं होतं आणि बिघाड होता तो अक्कांच्या तोंडात. सपक चटणीचं कोडं सुटलं, पण मला काही आनंद झाला नाही.

शेवटची बाई झाल्यावर मी म्हटलं, “अक्का, तुमी बी बसा की.”

“मी घरचीच हाय. घरच्याला नंबर लागतो व्हय?”

“नंबराचं न्हाय, तोंडाचं म्हणतो मी.”

“माझ्या तोंडाला काय धाड भरलीया? सगळ्या बावड्याची चटणी ह्या तोंडावर चालती.” आणि पदर खोचून घरी निघून गेल्या.

डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, पुढच्या मंगळवारी पुन्हा येते, पण त्यांना बसवाच. मिश्रीच्या जागी डाग असेल तर तो आज कळणं आणि वर्षानं कळणं यात फार फरक पडतो. आज कळला तर तेवढा डाग काढून भागतं. वर्षानं गाल काढायची वेळ येऊ शकते. असं स्वच्छ सांगणारं माणूस मला आवडतं.

त्या रात्री मी जेवणाआधी अक्कांच्या सोप्यात जाऊन सरळ विचारलं. फिरवून बोलायचा मला कंटाळा आहे. “अक्का, तिखट लागतंय न्हवं तोंडाला?”

“डॉक्टर एक दिवस शेडमधे काय बसली, तू लगेच डॉक्टर झालीस, धाकटे.”

माझे थोरले दीर, त्यांना आम्ही आबा म्हणतो, तिथंच खाटेवर बसून तळहातावर तंबाखू मळत होते. ते म्हणाले, “आमच्या आईनं जन्मभर मिश्री लावली. नव्वदीला गेली. ती बी म्हशीनं ढुशी दिली म्हणून. मिश्रीनं न्हाय, म्हशीनं.” आणि तंबाखूचा बार भरून विषय संपवला.

म्हशीपुढं काय बोलणार? मी जेवायला उठून आले.

अक्कांना समजावून काही होणार नव्हतं. त्यांच्या मुलाला सांगितलं असतं तर त्यांनी मुलालाच गप्प केलं असतं. आणि खरं सांगायचं तर भीती त्यांना डॉक्टरची नव्हतीच. ती जीभ होती म्हणून त्या अक्का होत्या. तिखट सोसत नाही असं एकदा कबूल केलं, की उद्यापासून तळहातावर चटणी घेऊन त्यांच्यापुढं कोण उभं राहणार? त्या हे कबूल करणार नव्हत्या. त्यांच्या जिभेनंच कबुली द्यायला हवी होती, तीही सगळ्यांच्या देखत, म्हणजे नंतर फिरवता येणार नाही.

मी भाभीकडे गेले. अर्ध्या वाक्यात तिला कळलं. तिचे डोळे चमकले, आणि त्यात अक्कांची काळजी जितकी होती तितकाच आपल्या मिरच्यांचा सूड होता, हे मी विसरणार नाही.

आमच्या घरची एक रीत आहे. नव्या चटणीची बरणी भरताना तिच्यात जुन्या चटणीची मूठ मिसळायची, मगच तोंड बांधायचं. त्यासाठी मागच्या सालची एक लहान बरणी माळ्यावर राखून ठेवतात. तिला पांढरं फडकं अक्काच बांधतात, आणि त्यांची गाठ अशी असते की ती सोडवायला त्यांनाच बोलवावं लागतं. मी फडकं कडेनं सैल करून हात घातला आणि चटणी काढली. वर्षाची चटणी जरा काळपडते, म्हणून भाभीनं ती तेलाच्या बोटानं चोळून ताजी दिसेल अशी केली. चोळता चोळता चिमूट तोंडात टाकली आणि म्हणाली, “वा. ही खरी चटणी. हिच्यात मिरच्या माझ्याच हायत बघ.”

मंगळवारी डॉक्टर बोळात येऊन बसल्या. शेड भरलेली. भाभी स्टीलच्या ताटलीत चटणी घेऊन आली आणि सगळ्यांच्या मधून वाट काढत अक्कांपुढं उभी राहिली.

“अक्का, लोक मला बदनाम करत्यात. सपक मिरच्या विकतीया म्हणत्यात. ही चटणी बघा आणि तुमीच सांगा.”

अक्कांनी चिमूट घेतली. डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी तांब्या ओढला आणि घटाघट पाणी प्यायल्या.

“कुणी मिसळली ही?”

“का, बिघडली?”

“जाळ हाय नुस्ता. माणसं मारायचीत काय? ज्या बाईनं ही मिसळली तिला मिरचीतलं ओ का ठो कळत न्हाय.”

“मला बी तसंच वाटलं,” भाभी म्हणाली. “पर ती बाई लई नावाजलेली हाय, अक्का.”

“कसली नावाजलेली. नाव सांग तिचं.”

मी यंत्र बंद केलं, बरणी आणून त्यांच्या मांडीवर ठेवली. फडकं तसंच, गाठ तशीच.

“ह्यातली हाय. मागल्या सालची. तुमीच मिसळलेली.”

 सगळ्या बायका आता भडका उडणार म्हणून जरा मागे सरकल्या. अक्कांनी गाठीवरून बोट फिरवलं. मग ताटलीतली आणखी एक चिमूट घेतली आणि पुन्हा जिभेवर ठेवली. पुन्हा पाणी आलं. त्यांनी ते पुसलं नाही.

“मागल्या साली ही चटणी मी भाकरीवर तेल घालून खाल्लीया,” त्या म्हणाल्या. कुणाला उद्देशून नव्हे. मग मान वर करून बायकांकडे बघितलं. “मग यंदाची तुमची?”

 शेवटी ती पुण्याच्या जावयाची सासू म्हणाली, “सपक, अक्का.”

“तुझी?”

“सगळ्यांची.”

“मग मला कुणी सांगितलं न्हाय ते?”

“तुमाला कोण सांगणार?”

अक्का उठल्या. बरणी माझ्या हातात दिली आणि मला म्हणाल्या, “तुझ्याकडं मी नंतर बघतो.” मग बोळात जाऊन खुर्चीत बसल्या. “लावा बॅटरी, डॉक्टर. आणि ह्या बायांना बाहेर काढा.”

एकही बाई हलली नाही. अक्कांनी चूळ भरली, आ केला. डॉक्टरांनी गाल बोटानं ताणला. मी मागून वाकून बघितलं. डाव्या गालाच्या आत, जिथं त्या मिश्री धरायच्या, नखाएवढी जागा पांढरी खरखरीत झाली होती, चुना लागल्यासारखी, आणि तिच्या कडेला लाल.

डॉक्टर म्हणाल्या, “हा कॅन्सर आहे असं मी म्हणत नाही. नाही असंही नुसतं बघून म्हणता येत नाही. थोडा तुकडा काढून तपासावा लागेल. याच आठवड्यात मोठ्या दवाखान्यात जा.”

“ह्या आठवड्यात चटण्या हायत.”

“चटण्या थांबतील.”

“चटण्या थांबत न्हाईत. ढग यायला लागल्यात.”

“यंत्र माझं हाय,” मी म्हटलं. “मी बंद ठेवतो.”

ऐन सीझनमध्ये मी शेडला कुलूप घातलं आणि अक्कांना घेऊन शहरात दवाखान्यात गेले. गल्लीनं मला नावं ठेवली, आणि आम्ही परत येईपर्यंत दारात मिरच्यांची पोती मांडून ठेवली. तुकडा काढताना अक्का काही बोलल्या नाहीत. बोलता येण्यासारखं नव्हतं म्हणून असेल. बाहेर आल्यावर गालात कापूस धरून माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. त्यांना इतका वेळ गप्प मी पहिल्यांदाच बघत होते आणि ते मला मुळीच आवडलं नाही.

रिपोर्ट यायला वेळ होता. तोवर घरात कुणी त्याचं नाव काढत नव्हतं. अक्कांनी मात्र एका दुपारी मला बोलावून कपाट उघडलं आणि कुठलं लुगडं कुणाला ते सांगायला बसल्या. पैठणी थोरल्या सुनेला. पाटल्या लेकीला. “हिरवी इरकल तुला न्हाय. तुला हिरवं शोभत न्हाय, काळी दिसतीस.”

“मला नकोच हाय ती.”

“मागितलं तरी देणार न्हाय. मला फसवलंस तू, समद्या गल्लीदेखत.”

“व्हय, फसवलं.”

“बरी अक्कल चालती तुझी,” त्या म्हणाल्या आणि कपाट लावून घेतलं. मिश्रीची डबी कमरेला नव्हती. कुठं गेली ते मी विचारलं नाही.

रिपोर्ट घ्यायला आबांनी गाडी काढली. वाटेत त्यांनी म्हशीची गोष्ट पुन्हा सांगितली, पण आवाज बारीक होता. दवाखान्यातले डॉक्टर वयस्क होते. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि सांगितलं की कॅन्सर झालेला नाही. पण पेशी बदलायला लागल्या आहेत, कॅन्सरच्या वाटेला लागल्या आहेत. तो डाग पूर्ण काढून टाकायचा, मिश्री कायमची बंद, आणि बोलावू तेव्हा न चुकता येऊन तोंड दाखवायचं. दर चार महिन्यांनी, एकदाही चुकवायचं नाही.

“कायमची म्हणजे अगदी कायमची?” अक्कांनी विचारलं.

“अगदी कायमची.”

“सणावाराला?”

“नाही.”

“नुस्ती दाताला लावून लगेच चूळ भरली तर?”

“मावशी, तुम्ही चटणीत लवंगी मिरची नुसती दाखवून बाहेर काढता का?”

अक्का माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, “ह्यांना कळतंय.” तिखट पुन्हा खाता येईल का, हेही विचारलं. डॉक्टर म्हणाले, जखम भरू दे, मग हळूहळू बघू, पण पहिल्यासारखं येईलच असं सांगत नाही. अक्कांनी मान हलवली.

आबांचा चेहरा खुलला होता. ते खुर्चीत मागं रेलून म्हणाले, “मी म्हणतच हुतो. काय नसतंय. ह्या बायकांनी उगंच बोभाटा केला.” आणि सुटल्यासारखं वाटून हात सवयीनं खिशात गेला, पुडी निघाली, चुन्याची डबी निघाली, आणि डॉक्टरांच्या समोर, त्यांच्याच टेबलाशी, आबा तंबाखू मळायला लागले.

डॉक्टरांनी चष्मा परत लावला. “तुम्ही कधीपासून खाता?”

आबांचा अंगठा थांबला. “माझं सोडा. मी गाडी जरा आडवी लावलीया, काढून येतो.”

ते उठेपर्यंत अक्का दारात पोचल्या होत्या. दार लावून त्याला पाठ टेकून उभ्या राहिल्या. लग्न होऊन ह्या घरात आल्यापासून मी त्यांना नवऱ्यापुढं इतक्या शांतपणे बोलताना ऐकलं नव्हतं.

“बसा.”

“अगं, गाडी…”

“गाडी कुणी नेत न्हाय. नेली तर दुसरी घेऊ. बसा त्या खुर्चीत. आ करा.”

आबांनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते. ते बसले, हातातली तंबाखू कुठं ठेवावी कळेना म्हणून परत पुडीत ओतली, चूळ भरून आले आणि तोंड उघडलं. उघडता उघडता काहीतरी बोलायला गेले.

“बोलू नका,” अक्का म्हणाल्या. “आयुष्यभर बोललायसा. जरा नुस्तं उघडं ठेवा.”

डॉक्टरांनी बॅटरी लावली. एक गाल बघितला, मग दुसरा. “आणखी उघडा,” ते म्हणाले. आबांनी जोर केला, पण तोंड तेवढंच उघडत होतं. डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं, आबांनी पुन्हा जोर केला. अक्का दार सोडून जवळ आल्या आणि आबांच्या खांद्यावर हात ठेवून स्वतः आत वाकून बघायला लागल्या.

डॉक्टरांनी बॅटरी विझवली नाही. माझ्याकडे न बघताच म्हणाले, “बाई, खाली खिडकीवर जाऊन ह्यांचा केसपेपर काढून आणता का?”

मी पर्स उचलली आणि निघाले.